मी हाक मारणार नाही

चौदा पिंजरे केंद्राच्या अंगणात ओळीनं मांडून ठेवले होते. नवे कोरे, अजून रंगाचा वास जात नव्हता. त्यांच्यासमोर उभे राहून डॉक्टर विबोवो आम्हाला सांगत होते, की महिन्याभरात सारुई नदीकाठचं जंगल रिकामं करायचं आहे.

रिकामं म्हणजे तिथले सगळे कहिऊ हलवायचे. बाहेरचे लोक ओरांगउटान म्हणतात, आम्ही न्गाजू माणसं कहिऊ म्हणतो. आमच्या केंद्रात त्यांची पोरकी पिल्लं येतात. कुणाची आई गोळीनं गेलेली असते, कुणी तेलाच्या पामच्या मळ्यात एकटं सापडलेलं असतं, कुणाला हौसेनं साखळीला बांधून ठेवलेलं असतं. आम्ही बाया त्यांना बाटलीनं दूध पाजतो, कडेवर घेऊन जंगलात नेतो, झाडावर चढायला शिकवतो, फांद्या वाकवून घरटं बांधायला शिकवतो. सात-आठ वर्षांनी ती शहाणी झाली, की डॉक्टर त्यांना जंगलात सोडतात. मी हे काम बावीस वर्षं केलं.

"ट्रक कंपनी देणार, होड्या कंपनी देणार," डॉक्टर म्हणाले. "हे पिंजरेही त्यांनीच पाठवलेत. वरच्या अंगाला राखीव जंगल आहे, तिथं सगळे सोडू."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, एन्सी?"

"कहिऊ गेल्यावर सारुईच्या जंगलाचं काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बोलायचं जिवावर आलं की ते असंच करतात. "तिथं पाम लावणार आहेत. ते आपल्या हातात नाही. जंगल जायचं ते जाणारच. जनावरं तरी वाचवू."

"पण कहिऊंची वस्ती असेल तिथं झाड तोडायचं नाही, असं परवान्यातच लिहिलंय ना?"

"वस्ती नाही, असं कंपनीच्या पाहणीत निघालंय. चार कहिऊ दिसले, तेही वाटेनं जाणारे."

"चार?" मी म्हणाले. "मग पिंजरे चौदा कशाला पाठवलेत?"

माझ्या शेजारी तिन्सी उभी होती. माझ्याच गावची, माझ्याबरोबरच केंद्रात लागलेली, आणि जिभेला हाड नसलेली. ती मोठ्यानं हसली. "उरलेले दहा आपल्यासाठी असतील गं! गप्प बसत नाही त्याला एकेक."

कुणीच हसलं नाही. डॉक्टर विबोवो वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून ठेवते. जळत्या जंगलातून त्यांनी पिल्लं बाहेर काढलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या डाव्या हाताची कातडी अजून गुलाबी आहे. पण इतकी जंगलं जाताना पाहिली, की माणूस जंगल सोडून देतो आणि जनावराला धरून बसतो. मला ते पटत नव्हतं. रिकामं जंगल कापायला कुणाला कुणाची लाज वाटत नाही. आत जीव असला तर निदान कागद लिहिणाऱ्याला खोटं तरी लिहावं लागतं.

"पहिली लांतिंग," डॉक्टर म्हणाले. "ती नदीच्या अगदी जवळ असते. तिला खाली आणायचं काम तुझं. तुझा आवाज ऐकला की ती येईल."

"मी हाक मारणार नाही."

"मग गुंगीचा डार्ट मारावा लागेल. तीस मीटर उंचीवरून पडली तर काय होतं, ते तुला मी सांगायला नको."

ही धमकी नव्हती, खरंच होतं. म्हणून मी जायला तयार झाले.

लांतिंग आमच्याकडे आली तेव्हा दीड वर्षाची होती. नदीवर तरंगणाऱ्या घराला आम्ही लांतिंग म्हणतो. तशाच एका घराच्या खांबाला ती बांधलेली सापडली, म्हणून हे नाव. गळ्यातल्या तारेनं मांस कापलं होतं. पहिले चार महिने ती माझ्या अंगावरून उतरली नाही. मी जेवायला बसले तरी पोटाला चिकटलेली, न्हायला गेले तरी पाठीला. माझा नवरा म्हणायचा, "आपल्या लेवीला तू इतकं कडेवर घेतलं नव्हतंस." खरं होतं. लेवीला आजी होती, लांतिंगला कोण होतं?

सात वर्षांनी तिला सोडलं ते सारुईच्याच जंगलात. माझं गाव तिथंच, तुंबांग सारुई. सोडल्या दिवशी तिनं मागं वळून पाहिलं नाही आणि मी होडीत बसून ढसाढसा रडले. तिन्सी म्हणाली, "रडतेस काय? मागं न बघणं हेच तर शिकवत होतीस इतकी वर्षं."

त्यालाही पाच वर्षं झाली होती.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही निघालो. डॉक्टर, डार्टची बंदूक घेतलेला आमचा माणूस, कंपनीची दोन माणसं जाळं घेऊन, आणि मी. खरं सांगते, होडीत बसताना माझं काहीच ठरलेलं नव्हतं. आपण गेलो नाही तर ती पडेल, एवढंच डोक्यात होतं.

होडी लावली आणि गुडघाभर काळ्या पाण्यातून आम्ही आत शिरलो. तासाभरानं मला हिरवं घरटं दिसलं. आदल्या रात्रीचं, पानं अजून सुकली नव्हती. त्याच्या पलीकडच्या झाडावर, अगदी शेंड्याजवळ, ती बसली होती. अंगानं भरलेली, केस दाट, लालभडक. माझ्याकडं बघत होती. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तरी तिनं ओळखलं होतं.

आणि तिच्या काखेतून एक डोकं बाहेर आलं. एवढंसं. केस सगळे उभे, जसं काही कुणी घाबरवलंय.

"पिल्लू!" डॉक्टर कुजबुजले. त्यांनी कॅमेरा काढला. एकामागून एक फोटो घेतले. आमच्या हातून दूध प्यालेल्या पोरीनं जंगलात, स्वतःच्या हिमतीवर, कुणाच्या मदतीवाचून पोर जन्माला घातलं होतं. बावीस वर्षं आम्ही राबत होतो ते ह्याचसाठी.

कंपनीच्या माणसांपैकी एकजण म्हणाला, "चला, एका पिंजऱ्यात दोन. काम लवकर उरकेल."

त्या वाक्यानं माझं ठरलं.

"हाक मार, एन्सी," डॉक्टर म्हणाले.

मी हाक मारली नाही. मी ओठ आवळले आणि हवा आत ओढून आवाज काढला. कडक, चुंबनासारखा, एकामागून एक. कहिऊंच्या भाषेत त्याचा अर्थ एकच: धोका, पळ. पिल्लांना सापाची भीती शिकवताना आम्ही हाच आवाज काढतो. लांतिंगला तो मीच शिकवला होता.

पण तिला तो पटला नाही. आवाज माझा होता ना! ती एक फांदी खाली आली. मग आणखी एक. पिल्लाला सावरून, सावकाश, लांब हात माझ्या दिशेनं सोडत.

मी वाकून चिखलाचा गोळा उचलला आणि तिला मारला. तो बुंध्यावर फुटला. ती थांबली. दुसरा मी नेम धरून मारला, तो तिच्या खांद्याला लागला.

तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी कुणाला सांगत नाही. इथंही सांगणार नाही.

"एन्सी! वेड लागलं का तुला?" डॉक्टर ओरडले.

मी तिसरा मारला. शिव्या दिल्या. आईवरून, बापावरून, जेवढ्या येत होत्या तेवढ्या. काठी घेऊन झाड बडवलं. आणि मग वरून आवाज आला, तोच, कडक, ओठांचा. तिचा. तिनं मला धोका म्हटलं. सुकी फांदी कडाडून मोडली आणि आमच्या अंगावर फेकली. ती मघाच्या त्या माणसाच्या हेल्मेटवर बसली आणि तो चिखलात बसला. दुसरी आली ती माझ्या पायाशी. तिचाही नेम वाईट नव्हता.

बंदूकवाल्यानं नळी वर केली. मी ती दोन्ही हातांनी धरली.

"राहू दे," डॉक्टर त्याला म्हणाले. "अंगावर पिल्लू आहे. नाही मारायचा."

तोवर ती गेली होती. शेंडे हलत हलत आत, दलदलीच्या बाजूला, जिथं माणसाचं पाऊल टिकत नाही.

केंद्रावर पोचल्यावर डॉक्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. "तू मला कुठं आणून ठेवलंस, कळतंय का? कंपनी उद्या विचारेल. मी काय सांगू?"

"सांगा की बाई ऐकत नाही."

"मग बाईला इथं ठेवता येणार नाही."

"नका ठेवू," मी म्हणाले. गणवेशाचा शर्ट तिथंच काढून टेबलावर ठेवला असता, पण आत दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून पाठवून दिला.

मी गावी परतले. तुंबांग सारुईत माझ्या घराला लागूनच माझ्या धाकट्या भावाचं, देहेनचं घर. देहेन कंपनीत माती उकरायचं मोठं मशीन चालवतो. पूर्वेकडचं जंगल त्यानंच आडवं केलं होतं. दोनशे हेक्टर, आणि मधून पाणी वाहून न्यायला सरळ रेघेसारखा कालवा. मी घाटावर तांदूळ धुवत होते, तिथं तो आला.

"ऐकलं ते खरं का, ताई? माकडाला दगड मारून नोकरी घालवलीस?"

"चिखल मारला. दगड नव्हता."

"हसण्यावारी नेऊ नकोस. तुझ्या माकडांना घर पाहिजे, आणि माझ्या पोरींनी काय झाडावर राहायचं? ह्या मशीनवर त्यांची शाळा चालते."

"बाबा ह्याच जंगलातून वेत आणायचे. त्यावर आपण दोघं शिकलो."

"तू शिकलीस. मी सातवीत सोडली. आठव, कशामुळं. वेताला भाव नव्हता म्हणून."

तो खरं बोलत होता. मी एवढंच म्हणाले, "देहेन, कालवा खणल्यापासून विहिरीचं पाणी कुठं गेलं? मागल्या उन्हाळ्यात दलदलीची सुकलेली जमीन खालून जळत होती, तुझी धाकटी महिनाभर खोकत होती. त्या शाळेत श्वास कसा घेणार ती?"

तो निघून गेला. त्या दिवसापासून आमच्या दोन घरांमधलं दार त्यानं आतून लावून घेतलं.

आठवड्यानं तिन्सी केंद्रातून सुटी काढून आली. "सुटी दिली?" मी विचारलं. "मागितलीच नाही," ती म्हणाली. "पिंजरे अजून रिकामेच आहेत."

आम्ही गावातल्या बाया गोळा केल्या. सोळाजणी. कंपनीच्या कागदात चार कहिऊ होते, तर आपण आपला कागद करू, असं ठरलं. कहिऊ रोज नवं घरटं बांधतो. कोणतं कालचं, कोणतं महिन्याचं, कोणतं नुसत्या काटक्या उरलेलं, हे मला पानांवरून कळतं. त्यावरून किती जण राहतात ह्याचा हिशेब लागतो. पश्चिमेच्या उभ्या जंगलात पाच सरळ वाटा आखल्या, वीत-वीत पुढं सरकलो. जळवा, मुंग्या, कमरेइतकं पाणी. दुपारी उंचवट्यावर बसून वेताच्या कोंबांचं कालवण आणि भात. दहा दिवसांत दोनशे तेरा घरटी निघाली. प्रत्येक घरट्याच्या झाडाला आम्ही लाल चिंधी बांधली आणि नंबर घातला. चिंध्या कमी पडल्या तेव्हा तिन्सीनं नवऱ्याचा फुटबॉलचा शर्ट फाडला.

कागद झाला. पण कागदानं मशीन थांबत नाही. मशीन थांबवायला बुए सिंगाम लागणार होते.

बुए म्हणजे आजोबा. अख्खा गाव त्यांना बुए म्हणतो. आमच्या रिवाजांचे ते प्रमुख. कानांनी कमी ऐकतात, आणि जे ऐकायचं नसतं ते अजिबात ऐकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं त्यांना होडीचं नवं इंजिन भेट दिलं होतं. तेव्हापासून कंपनीचा विषय निघाला की त्यांचे कान पुरतेच जायचे.

मी त्यांच्यापुढं कागद ठेवला. "बुए, दोरी बांधायची."

"हो, होडी बांधलीय."

"होडी नाही. दोरी! हिंतिंग पाली."

"मासे?"

तिन्सी पुढं झाली आणि त्यांच्या कानाशी ओरडली, "बुए, पश्चिमेच्या जंगलात तुमच्या बापाची हाडं ठेवलीत, तिथपासून मशीन अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे! इंजिनावर बसून बघायला जाणार का?"

म्हातारा उठला, घाटावर गेला, पान्यानं होडीचं इंजिन सोडवलं आणि नातवाच्या वयाच्या दोघा बाप्यांना म्हणाला, "उचला." कंपनीच्या ऑफिसच्या पायरीवर ते इंजिन ठेवून आला. वल्ही मारत परत यायला त्याला चार तास लागले, पण परत आला तेव्हा त्याला सगळं ऐकू येत होतं.

हिंतिंग पाली म्हणजे वेताची दोरी, तिला रानातली लाल पानं लटकवलेली. ती विधी करून वाटेवर बांधली, की वाद मिटेपर्यंत ती कुणी ओलांडायची नाही. ओलांडली तर रिवाजाचा गुन्हा, आणि वर काय कोपेल ते वेगळंच. मी रविवारी चर्चमध्ये जाते, बुए जुन्या देवांचे, बंजार वाडीतले लोक नमाज पढतात. पण त्या दोरीखालून जायची छाती आमच्या नदीवर कुणाची नाही.

कालव्याच्या कडेनं पश्चिमेला जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही ती बांधली आणि तिच्यामागं बसलो. चुली तिथंच मांडल्या. सकाळी आठला तीन मशीनं आली. पुढच्यात देहेन. मागून गाडीतून मॅनेजर पाक दार्मावान उतरले; पाक म्हणजे साहेब. शहरातला माणूस, बूट चकचकीत.

"हे काय? कपडे वाळत घालायची दोरी?"

"हो की," तिन्सी म्हणाली. "या, तुमचीही पँट टाका. अंगावरच ओली होणार आहे थोड्या वेळानं."

बुएंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती भाताच्या भांड्याकडं वळली.

"देहेन, चल. घाल पुढं," मॅनेजर म्हणाले.

देहेननं दोरीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. मशीन घरघरलं, हललं, आणि बंद पडलं.

"पाक, पंप गेला."

"मघाशी तर चालत होतं!"

"मघाशी गेला नव्हता."

दुसऱ्या दिवशी फिल्टर गेला. तिसऱ्या दिवशी पट्टा निसटला. मागच्या दोन मशीनांना तर त्याच्या पुढं जायला वाटच नव्हती; एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला दलदल. चौथ्या दिवशी शहरातून मेकॅनिक आणला. तो कहायान नदीकडचा, आमच्यासारखाच न्गाजू निघाला. त्यानं दोरी पाहिली, मशीनखाली तासभर आडवा पडला, बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "मोठं काम आहे. सुटा भाग बंजरमासीनहून मागवावा लागेल. महिना धरा."

देहेन केबिनमध्ये बसून सिगारेट ओढत होता. मी डब्यात भात आणि मासा घेऊन गेले. त्यानं घेतला नाही. "माझी बाजू घेतोयस का?" मी विचारलं.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला. "तुझ्या बाजूचा काय संबंध?"

सातव्या दिवशी पाक दार्मावान यांचा तोल गेला. ते स्वतः चालत आले आणि कुणाला काही कळायच्या आत खिशातल्या चाकूनं त्यांनी दोरी कापली. लाल पानं चिखलात पडली. बुए सिंगाम हळूच उठले, दोरीची दोन्ही टोकं गोळा केली, छातीशी धरली आणि त्यांना म्हणाले, "साहेब, आतापर्यंत तुमचं भांडण तुंबांग सारुईशी होतं."

मोबाईलला आमच्या गावात एकाच टेकाडावर रेंज येते. त्या टेकाडावर त्या दुपारी रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला वरच्या वळणावर पहिली होडी दिसली. मग खालून दोन आल्या. मी एकोणतीसपर्यंत मोजल्या आणि मोजायचं सोडलं. वरच्या गावांचे, खालच्या गावांचे, बंजार वाडीतले, ज्यांच्याशी आमचं मासेमारीवरून वर्षानुवर्षं वाकडं होतं तेसुद्धा. कोरलेल्या ढाली घेऊन म्हातारे आले, तांदळाची पोती घेऊन बाया आल्या. दोरी पुन्हा बांधली गेली, आणि ह्यावेळी तिला धरून उभी राहिलेली माणसं रस्त्यावर मावत नव्हती.

एवढा जमाव जमल्यावर सरकारला रस्ता सापडतो. अकराव्या दिवशी वनखात्याची अधिकारी आली, मिरांती नावाची, तिशीतली. कंपनीनं तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. ती म्हणाली, "बसायला आले नाही. घरटी दाखवा."

मी दाखवली. पहिल्याच वाटेवर ती कमरेपर्यंत गाळात गेली. आम्ही तिघींनी ओढून काढली तर एक बूट आतच राहिला. एका पायात माझी चप्पल घालून ती दोन दिवस फिरली. प्रत्येक चिंधी तिनं स्वतः तपासली. आमच्या दोनशे तेरांपैकी नऊ तिनं बाद केली. उरलेल्या दोनशे चारांपुढं सही केली.

सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर विबोवो आले. बोलावलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातात एक फोटो दिला. लांतिंग, आणि तिच्या काखेतून बाहेर आलेलं ते उभ्या केसांचं डोकं.

"केंद्रात वाढलेली मादी. पिल्लू इथंच जन्मलेलं," ते म्हणाले. "ही वाटेनं जाणारी नव्हे. ही इथं राहते. हे मी लिहून देतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधीच द्यायला हवं होतं."

पश्चिमेकडचं काम थांबलं. कालव्याला ठिकठिकाणी बांध घालायचा हुकूम निघाला. रिवाजाच्या बैठकीत पाक दार्मावान यांना डुक्कर, एक जुनी घंटा आणि सगळ्या गावांसमोर माफी, एवढा दंड झाला. माफी त्यांनी दोनदा मागितली, कारण पहिल्यांदा बुएंना ऐकू आली नाही.

पूर्वेकडचे दोनशे हेक्टर गेले ते गेलेच. तिथं आज पाम गुडघ्याएवढा झाला आहे.

देहेनला कंपनीनं काढलं. मशीनमध्ये कसलाच बिघाड नव्हता, हे दुसऱ्या मेकॅनिकनं पाच मिनिटांत सांगितलं. तो साम्पितच्या बंदरावर कामाला गेला. जाताना मी घाटावर गेले. "तुझ्यामुळं गेली नोकरी," तो म्हणाला. मी म्हटलं, "मशीन तर बिघडलं होतं ना?" तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. त्याच्या बायकोला मी महिन्यातून दोनदा मासे नेऊन देते. ती घेते, पण ते मधलं दार अजून बंदच आहे.

डॉक्टर मला परत बोलवायला आले. मी अट घातली: जे जंगल उभं आहे, त्यातून एकही कहिऊ उचलायचा नाही.

"असं लिहून देता येत नाही, एन्सी. उद्या आग लागली तर?"

"आग लागली तर मी स्वतः उचलीन. कंपनीला जागा करून द्यायला उचलणार नाही."

त्यांनी चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पुसला. शेवटी तसंच लिहून दिलं, आणि मी परत गेले. आता माझ्या अंगावर एक नर पिल्लू आहे, आठ महिन्यांचं, छर्रे लागून एका डोळ्यानं आंधळं झालेलं, आणि भलतं चावरं.

लांतिंग मला पुन्हा दिसलेली नाही. तिच्या हद्दीत ताजी घरटी असतात. आम्ही गस्तीला गेलो की कधी वरून तो ओठांचा आवाज येतो, सुकी फांदी येऊन आदळते. तीच असेल असं तिन्सी म्हणते. मी हाक मारत नाही. माणसाचा आवाज ऐकून जी पळते, ती जगते.

गेल्या महिन्यात दक्षिणेकडच्या जंगलात मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या सापडल्या. लाल रंगाच्या, कुणी ठोकल्या ते कुणालाच माहीत नाही, कंपनीला नाही, सरकारला नाही. आम्ही सगळ्या उपटल्या, एकसष्ट निघाल्या. होडीत भरल्या आणि दिवसभराचा प्रवास करून जिल्ह्याच्या कचेरीत नेल्या. बुए सिंगामनी पहिली मोळी टेबलावर ठेवली. तिथला माणूस दचकून मागं सरकला.

"हे काय, आजोबा?"

"तुमचं सामान," बुए म्हणाले. "आमच्या जंगलात विसरून राहिलं होतं. मोजून घ्या आणि पोच द्या."

पोच द्यायची पद्धत नाही, असं तो म्हणाला. मग आम्ही बावीसजण तिथंच फरशीवर बसलो, डबे उघडले, आणि पोच हातात पडेपर्यंत उठलो नाही.